डिग्री इंजिनिअरची, नोकरी तेल घालायची! धावत्या इंजिनाला तेल पाजणाऱ्या इलायजा मॅकॉयची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरच्या गाडीने एक नवीन आवाज काढायला सुरुवात केली. सकाळी सेल्फ मारला की पहिली काही सेकंदं टकटकटक. आत कुणीतरी चमचे वाजवत बसलंय असं वाटायचं. इंजिन जरा गरम झालं की आवाज गायब. बाबांचं म्हणणं होतं, गाडीचं वय झालं, एवढं चालायचंच.

मग लक्षात आलं की आवाज सुरू व्हायच्या आधी महिनाभर घराजवळच्या एका गॅरेजमध्ये इंजिन ऑइल बदललं होतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं ५डब्ल्यू-३०. बिलावर होतं २०डब्ल्यू-५०. गॅरेजवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, जुन्या गाडीला जाड तेलच चांगलं, इंजिन टिकतं. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. पण ते जाड तेल थंडीच्या सकाळी इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचायला वेळ घेत होतं, आणि तेवढा वेळ आतलं लोखंड लोखंडावर आपटत होतं.

बरोबर ग्रेडचं तेल टाकलं, आवाज गेला. विषय संपला असता. पण तेल इंजिनात नुसतं असून चालत नाही, ते वेळेवर योग्य जागी पोहोचावं लागतं, हा विचार पहिल्यांदा कुणी केला असेल हे शोधायला गेलो आणि एक माणूस सापडला. एका पळून आलेल्या गुलाम जोडप्याचा मुलगा. परदेशात इंजिनिअरिंग शिकलेला. आणि शिकून आल्यावर ज्याच्या हातात कंपनीने फावडं आणि तेलाचा डबा दिला, तो.

त्याचं नाव इलायजा मॅकॉय.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड मॅकॉय हे दोघं तिथे गुलाम होते. गुलाम म्हणजे कायद्याने माणूस नाही, मालमत्ता. मालकाने विकलं तर विकले जाणार, मुलं झाली तर तीही मालकाचीच. या दोघांनी पळून जायचं ठरवलं. उत्तरेला कॅनडा होता, तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं आणि ब्रिटिश साम्राज्यात १८३४ पासून गुलामगिरी बंद झाली होती. सीमा ओलांडली की सुटका.

त्या काळी अशा पळून जाणाऱ्या लोकांना मदत करणारं एक गुप्त जाळं होतं. त्याला लोक अंडरग्राउंड रेलरोड म्हणायचे. गंमत बघा, यात ना रूळ होते ना इंजिन. पण भाषा सगळी रेल्वेची. वाट दाखवणारा तो कंडक्टर, लपायला जागा देणारं घर म्हणजे स्टेशन, पळणारी माणसं म्हणजे प्रवासी. मॅकॉय जोडपं या बिनरुळांच्या रेल्वेने कॅनडात पोहोचलं आणि ऑन्टारिओमधल्या कोलचेस्टरला शेती करू लागलं. तिथे १८४४ च्या मे महिन्यात इलायजा जन्मला. बारा भावंडांतला एक.

पुढे हे कुटुंब परत अमेरिकेत आलं, पण दक्षिणेत नाही. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात त्यांनी घर केलं. मिशिगनमध्ये गुलामगिरी नव्हती. तरी १८५० च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामाला अमेरिकेच्या कुठल्याही राज्यातून पकडून परत नेता यायचं. म्हणजे उत्तरेत राहूनही मानेवर टांगती तलवार होतीच.

पोरगा लहानपणापासून वस्तू उघडून बघणाऱ्यांतला. घरातलं यंत्र सुटं करायचं, परत जोडायचं. प्रत्येक घरात असा एक नमुना असतो आणि बहुतेकदा त्याला ओरडा बसतो. जॉर्ज आणि मिल्ड्रेडने मात्र पैसे जमवले आणि १८५९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, इलायजाला जहाजाने थेट स्कॉटलंडला एडिनबराला धाडलं. मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला.

अमेरिकेत का नाही? तर तिथे काळ्या मुलाला हे शिक्षण मिळणं जवळजवळ अशक्य होतं. ज्यांना स्वतःच्या देशात मालमत्ता म्हणून विकलं जात होतं त्या आईबापांनी पोराला समुद्रापार इंजिनिअर करायला पाठवलं, हे वाचून मी क्षणभर थांबलो होतो. १८५९ साली अमेरिकेत अजून यादवी युद्धसुद्धा सुरू झालेलं नव्हतं.

शिकून इलायजा मिशिगनला परतला. युद्धाच्या शेवटी, १८६५ मध्ये, गुलामगिरी कायद्याने संपली. मनातली मात्र संपली नव्हती. इंजिनिअरची नोकरी मागायला गेलेल्या या तरुणाला दारं बंदच मिळाली. शेवटी मिशिगन सेंट्रल रेलरोड या रेल्वे कंपनीत काम मिळालं. काम होतं फायरमन आणि ऑइलमनचं.

फायरमनचं काम म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकत राहायचं. आणि ऑइलमनचं काम म्हणजे गाडी थांबली की हातात तेलाचा डबा घेऊन खाली उतरायचं आणि इंजिनाच्या एकेका हलणाऱ्या भागाला तेल घालायचं. गाडी थोडं अंतर जायची, थांबायची. तेल. परत थोडं अंतर, परत थांबायची. परत तेल. प्रवासी ताटकळत, माल ताटकळत.

आता हे इतकं तेल कशाला, हे समजून घेतलं तर पुढची गोष्ट कळेल आणि तुमच्या गाडीचंही थोडं कळेल.

लोखंडाचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी भिंगाखाली तो डोंगरदऱ्यांसारखा असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की हे डोंगर एकमेकांत अडकतात, तुटतात, त्यातून उष्णता तयार होते. उष्णता वाढली की धातू फुगतो, आणखी घट्ट बसतो आणि एका क्षणी इंजिन जाम. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला इंजिन सीझ झालं म्हणतात. तेलाचं काम एकच, या दोन पृष्ठभागांच्या मधे एक पातळ थर होऊन बसायचं. मग लोखंड लोखंडाला शिवतच नाही, दोन्ही तेलावर तरंगतात. हा थर काही सेकंद जरी तुटला तरी तेवढ्या वेळात झीज होते.

वाफेच्या इंजिनात अडचण दुहेरी होती. चाकांच्या आसाला, दांड्यांना बाहेरून तेल घालता यायचं. पण सिलिंडर, जिथे वाफ पिस्टन ढकलते, तो बंद आणि आतून वाफेच्या दाबाने भरलेला. तिथे तेल घालायचं कसं? त्यातून तेव्हा सिलिंडरसाठी सर्रास वापरायचे ती गुरांची चरबी. ती तापलेल्या वाफेत विघटित व्हायची आणि तिच्यातून निघालेलं आम्ल धातूच खायचं. वंगण म्हणून घातलेली वस्तू इंजिन खातेय! पेट्रोलियमपासून केलेली तेलं १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नुकती बाजारात येऊ लागली होती.

इलायजा मॅकॉय हे सगळं रोज बघत होता. आणि बघणारा माणूस होता इंजिनिअर. कंपनीने त्याला मजूर म्हणून ठेवलं म्हणून डोक्यातलं इंजिनिअरिंग काही बंद पडलं नव्हतं. इप्सिलँटीला घराशेजारच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तो यावर काम करू लागला.

त्याने केलं काय, तर तेलाने भरलेला एक पितळी कप थेट सिलिंडरशी जोडला. कपातल्या दांडीला झडप. इंजिन चालू झालं की वाफेचा दाबच ती झडप उघडायचा आणि तेल ठिबकत आत जायचं. म्हणजे ज्या वाफेने गाडी चालायची त्याच वाफेला त्याने तेल घालायच्या कामाला लावलं. माणूस नको, गाडी थांबवायला नको. इंजिन चालू तर तेल चालू.

२३ जुलै १८७२. या कपाचं पेटंट इलायजा मॅकॉयला मिळालं. नंबर १,२९,८४३.

या तारखेचं मोल कळायला चौदा वर्षं मागे जावं लागेल. १८५८ मध्ये अमेरिकी सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने मत दिलं होतं की गुलामाने लावलेल्या शोधाचं पेटंट निघू शकत नाही. कारण पेटंट घ्यायला शपथ लागते, नागरिक असावं लागतं, आणि गुलाम नागरिक नाही. बरं, त्याच्या नावावर मालकालाही मिळणार नाही, कारण मालकाने शोध लावलेला नाही. म्हणजे गुलामाच्या डोक्यातून निघालेली कल्पना कायद्याच्या दृष्टीने कुणाचीच नाही. आणि चौदा वर्षांत त्याच पेटंट ऑफिसच्या दप्तरात एका पळून आलेल्या गुलामाच्या मुलाचं नाव लागलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण सोशल मीडियावर याबाबत बरंच काही फिरत असतं. इंजिनाला आपोआप तेल घालायची कल्पना मॅकॉयनेच जगात पहिल्यांदा मांडली असं नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्ये आणि जेम्स रॉस्को यांनी १८६२ मध्ये आपापले ल्युब्रिकेटर केले होते. मॅकॉयचं मोठेपण पहिला असण्यात नाही. तो एकाच प्रश्नाला चिकटून राहिला, पुढची पन्नासएक वर्षं. इंजिनं बदलत गेली, वाफेचा दाब वाढत गेला, वेग वाढला, आणि प्रत्येक वेळी हा माणूस त्या नव्या इंजिनाला साजेसा नवा ल्युब्रिकेटर घेऊन हजर. आयुष्यभरात जवळपास ५७ पेटंटं, त्यातली बहुतेक वंगणाशी संबंधित. मधेच १८७४ मध्ये घडी घालता येणारं इस्त्रीचं टेबलही त्याच्या नावावर दिसतं.

घरातलं सांगायचं तर १८६८ मध्ये त्याचं लग्न अ‍ॅन एलिझाबेथ स्टुअर्टशी झालं होतं. चार वर्षांत ती गेली. म्हणजे ज्या वर्षी पहिलं पेटंट आलं त्याच वर्षी बायको गेली. पुढच्या वर्षी त्याने मेरी एलिनोरा डिलेनीशी लग्न केलं. मेरीचा जन्मच मुळी अंडरग्राउंड रेलरोडच्या एका स्टेशनात, म्हणजे पळून येणाऱ्यांना आसरा देणाऱ्या घरात, इंडियाना राज्यात झालेला. ही बाई पुढे डेट्रॉइटमधल्या काळ्या स्त्रियांच्या चळवळीतलं मोठं नाव झाली. वयस्कर काळ्या बायकांसाठी १८९८ मध्ये निघालेल्या फिलिस व्हीटली होमच्या संस्थापकांपैकी ती एक. तिच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

१८८२ च्या सुमारास हे दोघं डेट्रॉइटला राहायला आले. रेल्वेतली नोकरी मागे पडली आणि मॅकॉय आता वंगणाचे जाणकार म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचे ल्युब्रिकेटर रेल्वे इंजिनांत बसले, जहाजांच्या इंजिनांत बसले. ते कसे बसवायचे आणि चालवायचे हे दाखवायला मॅकॉय स्वतः जायचे. १९०९ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आपल्या पुस्तकात काळ्या संशोधकांबद्दल लिहिताना सर्वाधिक पेटंटं असलेला माणूस म्हणून मॅकॉयचं नाव घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, मग तर पैसा बक्कळ मिळाला असेल.

नाही मिळाला. कारखाना काढायला भांडवल लागतं आणि काळ्या माणसाला भांडवल कोण देणार? मग नवीन ल्युब्रिकेटर करायला पैसा हवा म्हणून आधीच्या पेटंटचे हक्क विकायचे, गुंतवणूकदाराला वाटा द्यायचा. त्यातून आलेल्या पैशात पुढचं काम. माल दुसऱ्याच्या कारखान्यात तयार व्हायचा, नफा दुसऱ्याच्या खिशात जायचा. बहुतेक ल्युब्रिकेटरवर मॅकॉयचं नावसुद्धा नसायचं. आपल्याकडे शेतकऱ्याचं आणि व्यापाऱ्याचं जे गणित असतं तेच हे.

आणि आता येतो या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. कारण आमच्या गाडीची टकटक आणि मॅकॉयचं सगळ्यात अवघड काम, दोन्ही एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेत सुपरहीटर आले. म्हणजे वाफ तयार झाल्यावर तिला पुन्हा तापवायची. कोळसा-पाणी वाचायचं, ताकद वाढायची. पण साध्या वाफेत थोडा ओलावा असतो, तोही सिलिंडरमध्ये वंगणाला थोडा हातभार लावतो. सुपरहीटरच्या वाफेत तो ओलावा उरला नाही आणि तापमान इतकं वाढलं की नेहमीचं तेल जळून त्याचा कार्बन व्हायला लागला. काल उत्तम चालणारं तेल नव्या इंजिनात कुचकामी ठरलं. तेल तेच, इंजिन बदललं.

उपाय म्हणून तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळायची कल्पना होती. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलच्या शिशातलं ते काळं. ते निसरडं असतं आणि तापलं तरी टिकतं. पण पूड ती पूडच. ती तळाशी बसायची, बारीक नळ्या तुंबवायची. तुंबलेली नळी म्हणजे तेल असून नसल्यासारखं. मॅकॉय यांनी असा ल्युब्रिकेटर तयार केला ज्यातून ग्रॅफाइट आणि तेलाचं मिश्रण न तुंबता पोहोचेल. एप्रिल १९१५ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. तेव्हा त्यांचं वय होतं ७० च्या घरात, सत्तर-एकाहत्तर. स्वतः मॅकॉय हे आपलं सगळ्यात महत्त्वाचं काम मानायचे.

आता हीच गोष्ट आपल्या गाडीत बघा.

तुमच्या गाडीत वाफेच्या जागी पेट्रोल किंवा डिझेल आहे आणि कपाच्या जागी ऑइल पंप. पंप खालच्या ऑइल पॅनमधलं तेल उचलतो, फिल्टरमधून गाळतो आणि बारीक बारीक वाटांनी क्रँकशाफ्टपासून वरच्या कॅमशाफ्टपर्यंत ढकलतो. इंजिन चालू तर तेल चालू, मॅकॉयच्या कपासारखंच. पण या वाटा किती बारीक ठेवायच्या, दोन भागांत फट किती ठेवायची, हे कंपनी एक ठरावीक तेल डोळ्यासमोर ठेवून ठरवते. तेच तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा सांगतो थंडीत तेल किती सहज वाहतं. आकडा जितका लहान तितकं ते थंडीत लवकर पळतं. नंतरचा आकडा सांगतो इंजिन पूर्ण तापल्यावर, साधारण १०० अंश सेल्सिअसला, तेल किती जाड राहतं. जुन्या काळी एकाच आकड्याची तेलं असायची, उन्हाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं. दोन्ही कामं करणारी मल्टिग्रेड तेलं नंतर आली.

म्हणजे जाड तेल चांगलं किंवा पातळ तेल चांगलं असं काही नसतंच. नव्या पेट्रोल गाड्यांपैकी अनेकींना ०डब्ल्यू-२० लागतं, ते हातावर घेतलं तर पाण्यासारखं वाटतं आणि जुन्या मेकॅनिकला बघवत नाही. पण त्या इंजिनाच्या फटी त्याच तेलाच्या मापाच्या आहेत. उलट एखाद्या जुन्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हेच बरोबर असू शकतं, तसं कंपनीने लिहिलं असेल तर. सिंथेटिक घ्यायचं की मिनरल, यातही आधी मॅन्युअल बघा, मग खिसा. सिंथेटिक तेल थंडीत लवकर वाहतं आणि उष्णता जास्त सोसतं, म्हणून महाग. पण चुकीच्या ग्रेडचं महाग सिंथेटिक टाकण्यापेक्षा बरोबर ग्रेडचं साधं तेल बरं, जर मॅन्युअल त्याला परवानगी देत असेल तर.

डिझेलवाल्यांनी आणखी एक बघायचं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. साध्या डिझेल इंजिन ऑइलमधल्या काही रसायनांची राख या फिल्टरमध्ये साचते आणि तो तुंबतो. म्हणून या गाड्यांना कमी राख सोडणारं तेल लागतं. कॅनवर नुसती ग्रेड जुळून उपयोग नाही, मॅन्युअलमध्ये दिलेला दर्जाचा कोडही जुळायला हवा. ग्रॅफाइटने तुंबलेली नळी आणि राखेने तुंबलेला डीपीएफ, मधे शंभर वर्षं गेली एवढंच.

तेल बदलायचं कधी? आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते. 'गाडी वर्षभर फारशी फिरलीच नाही' हे कारण चालत नाही. घर ते भाजी मंडई अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापतच नाही, आतला ओलावा आणि थोडंफार पेट्रोल तेलात मिसळत राहतं. तेल काळं दिसलं म्हणून घाबरून लगेच बदलू नका, डिझेलचं तर नवं तेलही थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी पोटात धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. पण मुदत संपली की ते पोट भरतं.

बदलताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. इंजिन थोडं गरम असताना जुनं तेल काढलं तर ते घाण घेऊन पूर्ण निघतं. फिल्टर आणि खालच्या बोल्टचा वॉशर नवा टाकायला लावा. आणि नवं तेल तुमच्या समोर सीलबंद कॅनमधून ओतायला सांगा, ड्रममधून सुटं नको. मग गाडी सपाट जागेवर ठेवून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून डिपस्टिक काढायची. तेल दोन खुणांच्या मधे हवं. वरच्या खुणेच्याही वर भरलं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि पंप तेलाऐवजी हवा ढकलतो. निघालेलं तेल गटारात ओतू देऊ नका, आपल्या कायद्याने तो धोकादायक कचरा आहे आणि तो नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवा.

हं, आणि डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला तर घरी जाऊन बघू म्हणायचं नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तो दिवा सांगत असतो की तेलाचा दाब पडलाय, म्हणजे आत तेल पोहोचत नाहीये.

तर मॅकॉयकडे परत येऊ. ते राहत होते त्याच डेट्रॉइटमध्ये १९०८ साली हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी बाहेर पडली. सामान्य कुटुंबाला परवडणारी पहिली मोठी गाडी. तिच्यात ऑइल पंपही नव्हता, फिरणाऱ्या भागांनी उडवलेलं तेलच सगळीकडे पोहोचायचं. रस्त्यावर मोटारी वाढत गेल्या, शहर मोटारींचं झालं.

१९२० मध्ये, वयाची पंच्याहत्तरी उलटल्यावर, मॅकॉय यांनी अखेर स्वतःच्या नावाची कंपनी काढली. इलायजा मॅकॉय मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. पहिल्या पेटंटनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी यंत्रावर त्यांचं नाव आलं. दोनच वर्षांत, १९२२ मध्ये, मॅकॉय दांपत्य मोटारीच्या अपघातात सापडलं. त्या दुखापतीतून मेरी वाचल्या नाहीत. मॅकॉय वाचले, पण त्यांची तब्येत परत धड झाली नाही. पैसा संपत आला होता, स्मरणशक्तीही साथ सोडत होती. शेवटचा काळ त्यांनी डेट्रॉइटजवळच्या इलॉइझ इन्फर्मरीत काढला, जिथे गरीब आणि आजारी माणसांना ठेवायचे. १० ऑक्टोबर १९२९ रोजी तिथेच ते गेले. वय ८५.

त्यांच्या नावाभोवती एक किस्सा कायम सांगितला जातो, तुम्हीही रील्समध्ये पाहिला असेल. इंग्रजीत अस्सल वस्तूला रिअल मॅकॉय म्हणतात. किस्सा असा की रेल्वेचे लोक नकली ल्युब्रिकेटर नको म्हणून दुकानात अस्सल मॅकॉयचाच द्या असं मागायचे आणि त्यातून हा शब्दप्रयोग आला. ऐकायला झकास आहे. पण स्कॉटलंडमध्ये याच्याशी मिळताजुळता, मॅके नावाचा शब्दप्रयोग १८५६ मध्येच छापलेला सापडतो, तेव्हा इलायजा बारा वर्षांचा होता. इलायजाचं नाव त्याच्याशी जोडलेलं छापील स्वरूपात दिसतं ते थेट १९६६ च्या एका दारूच्या जाहिरातीत. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी हे फॉरवर्ड केलं तर सांभाळून.

किस्सा बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी कागदावर आहेत. २००१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं. आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने मुख्यालयाबाहेर आपली पहिली शाखा उघडली, ती डेट्रॉइटमध्ये. त्या ऑफिसचं नाव इलायजा जे. मॅकॉय.